क्लेव्ह आणि ट्रिअर, सरळ

वसुधाचं लग्न झालं त्या वर्षी, म्हणजे १९६१ साली, जूनच्या एकवीस तारखेला सकाळी तिच्या भावाने, श्यामकांतने, जिन्याच्या खालच्या पायरीवरून एक पाकीट उचललं आणि तो तिथेच उभा राहिला. पाकीट घरचं होतं. निळ्या-तांबड्या काठाचं, विमानाने आलेलं. पत्ता नेहमीप्रमाणे पोस्टातल्या कारकुनाकडून इंग्रजीत लिहून घेतलेला होता. पण पाकिटाचा उजवीकडचा वरचा कोपरा नव्हता.

वर दारात त्याची बायको मालिनी दुधाचं पातेलं धरून उभी होती.

"संगमनेरचं ना?"

"हो."

"मग या की वर. बघताय काय एवढं?"

त्याने पाकीट तिला दिसेल असं धरलं. तिने पातेलं खाली ठेवलं.

"अहो, तिथेच थांबा. वर आणू नका ते."

आपल्याकडे कुणी गेल्याचं पत्र लिहितात तेव्हा त्याचा कोपरा फाडतात. असं पत्र उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही, बाहेरच वाचायचं, वाचून फाडून टाकायचं आणि आंघोळ करायची. जर्मनीतल्या आखनमध्ये त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं आणि उंबरा नव्हता. मालिनीने जिन्याची वरची पायरी हाच उंबरा धरला होता.

"फ्राऊ ऑफरमान्सनी कापलं असेल," श्यामकांत म्हणाला. "त्यांची नात तिकिटं जमवते."

"त्या रिकामी पाकिटं मागतात. न फोडलेलं पत्र कशाला कापतील? विचारा त्यांना."

घरमालकीण फ्राऊ ऑफरमान्स खाली राहत असे. श्यामकांतने दार वाजवलं. उत्तर आलं नाही. बुधवारी ती सकाळच्या प्रार्थनेला जाई आणि तिथून परस्पर बाजारात.

"हे बघ," तो म्हणाला, "घरच्यांनी कोपरा फाडला असता तर त्याबरोबर तिकीटही गेलं असतं. बिनतिकिटाचं पत्र इथवर येईल का? म्हणजे कापलंय ते इथेच."

"तसं असेल तर बाहेरच्या बाहेर फोडा आणि वाचा."

त्याने घड्याळाकडे पाहिलं. "बस चुकेल. आठला मोजणी सुरू करायचीय. संध्याकाळी वाचू."

"आणि तोवर मी काय करू?"

"स्वयंपाक कर."

"करू की नको, तेच तर कळत नाहीये," मालिनी म्हणाली.

पाकीट कोटाच्या आतल्या खिशात घालून तो निघाला. तार आली नाही म्हणजे काही झालेलं नाही, असं ती मागून म्हणाली नाही, कारण तो आधार त्यांच्या हातात नव्हता. आप्पांनी, त्याच्या वडिलांनी, मागच्याच पत्रात लिहिलं होतं, की काही कमीजास्त झालं तरी तार करायची नाही असं मी सगळ्यांना बजावलंय. परमुलखात तार वाचून माणूस एकटा पडतो. पत्राने सावकाश कळवतील.

त्याच पत्रात त्यांच्या छातीत पाणी झाल्याचं होतं. वसुधाच्या लग्नाची तारीख होती. आणि खाली दोन ओळी होत्या. 'येता आलं तर ये. काम सोडून मात्र येऊ नको.' श्यामकांतने दुसरी ओळ पाळली होती. रस्त्यावरच्या वाहनांची मोजणी मे आणि जूनमध्येच करायची होती, बोटीने जाण्यायेण्यातच दीड महिना गेला असता, प्रोफेसरांनी त्याच्याच भरवशावर काम घेतलं होतं. ही सगळी कारणं खरी होती. तरी लग्नाच्या दिवशी त्याने दुपारी कुणाशी न बोलता एकट्याने जेवण केलं होतं.

बसमधून तो मोजणीच्या ठिकाणी उतरला तेव्हा निसेन आधीच घडीच्या स्टुलावर बसलेले होते. ते रस्ताखात्याचे देखभालदार, साठीला आलेले. युद्धाआधीपासून याच रस्त्याचे खड्डे बुजवत आले होते. श्यामकांतची डॉक्टरेट अजून व्हायची होती, पण ते त्याला थट्टेने हेर डॉक्टर, म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणत.

"मोर्गेन, हेर डॉक्टर. आज एकाने आठाच्या आधीच कोंबडी उडवली. धरायची का मोजणीत?"

"आठाच्या आधीचं धरायचं नाही."

"कोंबडीला हे कुणी सांगितलं नाही."

जागा अशी होती. नदी दक्षिणेकडून उत्तरेला वाहत होती आणि तिच्यावर पूर्वी दोन पूल होते. एका पुलावरून उत्तरेला क्लेव्हकडे जाणारा हमरस्ता जाई, दुसऱ्यावरून दक्षिणेला ट्रिअरकडे जाणारा. युद्धात एक पूल पडला. मग दोन्ही रस्ते वळवून उरलेल्या पुलावर आणले. तेव्हापासून सहा किलोमीटर ते एकच रस्ता होते. नदी ओलांडली, तीन किलोमीटर पुढे गेलं, की एक डावीकडे उत्तरेला सुटे आणि एक उजवीकडे दक्षिणेला. त्यामुळे अलीकडच्या टोकाला जी पिवळी पाटी होती तिच्यावर वर क्लेव्ह लिहिलेलं होतं, खाली ट्रिअर, आणि दोन्हींपुढचा बाण सरळ पूर्वेकडे होता.

नवखा ड्रायव्हर इथे हमखास थबके. कुणी वेग कमी करी, कुणी थांबून नकाशा उघडी, कुणी शेजारच्या बीटवाल्या शेतकऱ्याच्या अंगणात गाडी वळवून आला तसा परत जाई. त्याच्या कोंबड्यांचा जीव त्यातच जाई. श्यामकांतने या तीन प्रकारांसाठी तीन रकाने केले होते. दुसरा पूल बांधायचा की नुसती पाटी बदलून भागेल, हे त्या रकान्यांवरून ठरायचं होतं.

साडेनऊला एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं.

"ही पाटी कोणी लावली?"

"मी," निसेन म्हणाले.

"ट्रिअर दक्षिणेला आहे. मी पायी गेलोय तिथे, पंचेचाळीसमध्ये."

"मग आज गाडीने जा. सहा किलोमीटर दम धर, आपोआप दक्षिणेला लागशील."

"आणि क्लेव्हवाला?"

"तो तुझ्या पुढे चाललाय. तोही असाच भांडून गेला."

ट्रक गेला. श्यामकांतने दुसऱ्या रकान्यात रेघ मारली. मग खिशातलं पाकीट काढून पाहिलं आणि परत ठेवलं. थोड्या वेळाने पुन्हा काढलं. कापलेली कड उजेडात धरली. ती सरळ होती, कात्रीचीच. पण घरीही कात्री होती. आणि पोस्टमन ओळखीचा असला तर तिकीट डावीकडे लावलेलं पत्रही पोचतं, डावीकडचं तिकीट वाटेत गळूनही पडतं. त्याने पाकिटाच्या डाव्या बाजूवरून अंगठा फिरवला. डिंक होता की नव्हता, कळेना.

"प्रेमपत्र आहे का?" निसेननी विचारलं.

"घरचं आहे."

"मग फोडत का नाही?"

श्यामकांतने कोपऱ्याची गोष्ट सांगितली. त्याला वाटलं होतं म्हातारा हसेल. निसेननी थर्मासचं झाकण फिरवलं, कॉफी ओतली आणि झाकण त्याच्यापुढे धरलं.

"आमच्याकडे काळ्या काठाचं पाकीट येतं," ते म्हणाले. "लांबून दिसतं, ते बरं. युद्धात मात्र काठबीठ नव्हता. गावचा मेयर स्वतः यायचा, टोपी हातात घेऊन. माझ्या धाकट्या भावाची बातमी घेऊन आला तेव्हा आई अंगणात कपडे वाळत घालत होती. तिने त्याला पाहिलं आणि पाहिलंच नाही. दोरीवर कपडे घालत राहिली. घालून झाले, मग काढले. मग परत घातले."

"आणि तो?"

"तो फाटकाबाहेर उभा. भला माणूस, बोलला नाही. मी खिडकीतून बघत होतो. माझा पाय प्लास्टरमध्ये."

"किती वेळ?"

"सूप होईपर्यंत. मग म्हणाली, या आत, उपाशी असाल." निसेननी कॉफीचा घोट घेतला. "तासभर असेल. तेवढा तास भाऊ जिवंत होता. मी तिला त्याबद्दल कधी बोललो नाही."

एक मोटार आली, थबकली, गेली. दोघांनी एकदमच पहिल्या रकान्याकडे बोट केलं.

दुपारी एकच्या सुमाराला पुलाकडून एक बाई रस्त्याच्या कडेने चालत येताना दिसली. हातात पिशवी होती आणि साडीवर राखी रेनकोट. श्यामकांतने आधी तिला ओळखलंच नाही, कारण मालिनी कधी एकटी शहराबाहेर गेली नव्हती आणि ती येणार असलीच तर दुसऱ्या बाजूने आली असती.

"त्या टोकाला उतरले," ती धापा टाकत म्हणाली. "कंडक्टरला तुमचा कागद दाखवला. तो म्हणाला, ट्रिअरचा रस्ता ना, मग इथेच. उतरले तर तिथे क्लेव्ह लिहिलेलं. सहा किलोमीटर चालले, पायाचे तुकडे पडलेत."

"कशाला आलीस?"

"बाईंनीच कापलंय."

निसेननी उठून तिला स्टूल दिलं. ती "डांके" म्हणून बसली आणि चपला काढून तळवे चोळू लागली.

"दहाला आल्या. मी त्यांना बोटांची कात्री करून दाखवली, तिकीट दाखवलं. तर या, या म्हणाल्या, म्हणजे हो, हो, आणि मला स्वयंपाकघरात ओढून घेऊन गेल्या. तिथे बशीत पाण्यात तिकिटं भिजत घातलीयेत. आपली दोन्ही. रविवारी नातीचा वाढदिवस आहे, तेवढ्यासाठी घाई केली म्हणे. एवढ्या खजील झाल्या! मला केक खायला लावला."

"मग झालं तर."

"झालं काय? वाचलंय कुठे तुम्ही? तिकीट त्यांनी कापलं, पण आत काय आहे ते त्यांना थोडंच ठाऊक?"

पिशवीतून पंचाचं टोक बाहेर आलं होतं. श्यामकांतने पिशवी उघडून पाहिली. पंचा, त्याचा एक सदरा, एक पायजमा आणि पितळी तांब्या. नीट घड्या घालून भरलेलं होतं.

"हे काय?"

"असू दे म्हटलं," मालिनी नदीच्या दिशेला बघत म्हणाली. "तुम्ही इथेच वाचलं असतं तर? ओल्या कपड्यांनी बसमध्ये बसणार होता का?"

निसेननी त्याच्या हातातून मोजणीचा तक्ता घेतला. "जेवणाची सुट्टी," ते म्हणाले. "मी तीन रकान्यांपुरता लिहायला शिकलोय."

दोघं रस्त्याच्या खाली, गवतात उतरली. श्यामकांतने पाकिटाची बाजू फाडली आणि कागद बाहेर काढला. तो चौघडी होता, आणि घडीचा एक कोपरा पाकिटाबरोबर कापला गेला होता. मालिनीने पदर तोंडाशी धरला. त्याने कागद उलगडला.

कागदाचे चारही कोपरे शाबूत होते. कात्रीने नेमका घडीचा कोना धरला होता, त्यामुळे भोक पडलं होतं ते कागदाच्या मधोमध. डाळीच्या वडीएवढं, चौकोनी. आणि सगळ्यात वर, मध्यभागी, 'श्री' होतं. खाली तारीख, ११ जून. त्याखाली आप्पांचं अक्षर.

ते अक्षर दुसऱ्या कुणाचं असणं शक्य नव्हतं. आप्पा, म्हणजे आत्माराम गुंजाळ, पुणे-नाशिक रस्त्यावर सरकारी मुकादम होते. मैलाच्या दगडांवरचे आकडे त्यांनी वीस वर्षं रंगवले, ते वाचता येत नसताना, पुढ्यात ठेवलेल्या कागदावरून चित्र काढावं तसे. सत्तेचाळीसाव्या वर्षी ते प्रौढांच्या वर्गात जाऊन अक्षर शिकले. पण हात दगडाचाच राहिला. प्रत्येक अक्षर सुटं, ठळक, आणि भोवती रंग सुकायला सोडावी तेवढी जागा.

"त्यांचंच," मालिनी म्हणाली आणि गवतात बसली. "त्यांनीच लिहिलंय हो."

श्यामकांतला हसू आलं आणि ते त्याला आवरेना. वर रस्त्यावर निसेननी मान वळवून पाहिलं. श्यामकांतने हात वर करून हलवला. निसेननी टोपी काढली, पुन्हा घातली आणि मोजायला लागले.

"वाचा ना मोठ्याने."

तो वाचू लागला. वसुधाचं लग्न छान झालं. व्याही माणसं समजूतदार. मुलगा कमी बोलतो, वसुधा ती कसर भरून काढील. जेवणावळ चालू असताना वारा सुटला आणि मांडवाचं एक कापड उडून बाभळीला अडकलं, ते अजून तिथेच आहे. रस्त्यावरचे मैलाचे दगड काढून आता किलोमीटरचे बसवतायत. नाशिक होतं तिथेच आहे, आकडा तेवढा मोठा झाला. मी पोरांना म्हटलं, रंगवायला मी येतो, तर म्हणाले, आप्पा, आता यंत्राने करतात.

मग भोक आलं. त्याच्या आधी होतं, 'माझी प्रकृती', आणि त्याच्यानंतर, 'तू काळजी करू नको.' खालच्या ओळीतलंही एक अक्षर गेलं होतं, पण ते कळत होतं. पुढे मालिनीला आशीर्वाद होता आणि कामात कसूर न करण्याबद्दल होतं. खाली सही.

"माझी प्रकृती काय?" मालिनीने विचारलं.

"ते कापलं गेलंय."

तिने कागद हातात घेऊन भोकातून पलीकडचं गवत पाहिलं. मग ती एकदम म्हणाली, "बशीतलं पाणी निळं झालं होतं. मला वाटलं, तिकिटाचा रंग उतरला."

"कागदाचा तुकडा होता का त्यात?"

"होता की. पांढरा. त्यांनी तो बोटाने उचलून टाकून दिला. कोरा होता. म्हणजे कोरा दिसत होता." तिने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "धुऊन गेला असेल."

श्यामकांतने कागद परत घेतला. भोकाच्या रुंदीवर करंगळी ठेवून पाहिली. मग वरच्या ओळीतल्या अक्षरांवर तीच करंगळी ठेवून मोजलं.

"चार अक्षरं बसतात," तो म्हणाला. "फार तर पाच."

"बरी आहे," मालिनी लगेच म्हणाली. "चार झाली."

"हो."

"दुसरं काय लिहिणार? पुढेच लिहिलंय ना, काळजी करू नको. बरी नसती तर एवढं लांबलचक लिहिलं असतं का? बाभळीचं कापड नि काय काय."

"मलाही तसंच वाटतं."

"आणि दगड रंगवायला निघाले होते. आजारी माणूस निघतो का?"

"नाही निघत."

त्याने कागद पुन्हा त्याच घड्यांवर दुमडला. मालिनीने पिशवीतून पोळीची गुंडाळी आणि बटाट्याची भाजी काढली. स्वयंपाक केला होता तर. पंचा तिने अगदी तळाशी, तांब्याच्या खाली दडपून ठेवला. जेवून ती वर आली तेव्हा तिने निसेननाही एक पोळी दिली. त्यांनी ती आधी उजेडात धरून पाहिली, मग चवीने खाल्ली.

"चांगली बातमी?" त्यांनी विचारलं.

"वडिलांचं पत्र आहे. स्वतः लिहिलंय."

"गुट," निसेन म्हणाले. "तर, तुम्ही जेवत होता तेवढ्यात सात थबकले, दोन थांबले, एक परत गेला. कोंबडी वाचली."

त्या संध्याकाळी उजेड साडेनऊपर्यंत होता. फ्राऊ ऑफरमान्स दोनदा वर येऊन माफी मागून गेल्या. दुसऱ्यांदा त्यांनी बागेतल्या स्ट्रॉबेरी आणल्या. श्यामकांत खिडकीशी बसून उत्तर लिहीत होता. मालिनी शिरा हलवता हलवता मागून वाचत होती.

"लग्नाला आलो नाही त्याचं लिहिलंत का?"

"लिहिलं."

"काय लिहिलंत?"

"की चुकलं. आणि पुढच्या मे महिन्यात दोघं येतो, नक्की."

"नक्कीच्या खाली रेघ मारा."

त्याने रेघ मारली. पुढे लिहिलं, 'आपली प्रकृती बरी असल्याचं वाचून फार बरं वाटलं.' मग पाटीबद्दल लिहिलं, कारण आप्पांना रस्त्यांचं सगळं ऐकायला आवडे. एका खांबावर उत्तरेचं गाव आणि दक्षिणेचं गाव, आणि दोन्हींचा बाण एकीकडेच. पाटी तुम्ही रंगवली असती तर लोक भांडले नसते, असं त्याने लिहिलं आणि वाचून स्वतःच हसला. खाली मालिनीने 'शिरसाष्टांग नमस्कार' लिहिला आणि औषध वेळेवर घेण्याबद्दल दोन ओळी घातल्या. पाकीट त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पिवळ्या पेटीत पडलं.

आत्माराम सखाराम गुंजाळ १५ जून १९६१ रोजी, गुरुवारी सकाळी, संगमनेरला राहत्या घरी वारले. ते बासष्ट वर्षांचे होते.